बंबावरचं घुबड

मला कोणी दचकवलं की मी "हो" म्हणते. बाकीच्या बायका दचकल्या की "अगं बाई" म्हणतात, नाहीतर देवाचं नाव घेतात. माझ्या तोंडून "हो" निघतं, आणि तेही चांगलं ठणठणीत, समोरच्याला शंका राहू नये असं. जळगावला हे मला बघायला आले होते तेव्हा मामांनी विचारलं, "काय गं, मुलगा पसंत?" आणि नेमकं त्याच वेळी फळीवरचं पितळी घंगाळ खाली कोसळलं. पुढच्या महिन्यात लग्न झालं. (माणूस चांगला निघाला, म्हणून घंगाळाबद्दल माझी तक्रार नाही.)

हे सांगायचं कारण एवढंच की धुळ्याच्या जीवदया मंडळाची चिटणीस मी अशीच झाले.

ह्यांना जिल्हा परिषदेत नोकरी, आणि आम्ही इंदरचंदशेठच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. शेठजींचं कापडाचं दुकान होतं. दर रविवारी त्याच दुकानाच्या गादीवर मंडळाची बैठक भरायची. शेठजी अध्यक्ष. त्यांच्या थोरल्या भावजय प्रेमकुंवर काकी उपाध्यक्ष. पण त्या बोलायला लागल्या की अध्यक्ष कोण याची शेठजींनाच आठवण करून द्यावी लागायची. तिसरे भिकमचंदजी, धान्याचे व्यापारी. त्यांच्याकडे प्रचाराचं काम होतं, म्हणजे मंडळानं काहीही केलं की ते संध्याकाळच्या आत बाजारभर सांगायचं.

लंगड्या गायी पांजरापोळात पोचवायच्या, कबुतरांना ज्वारी टाकायची आणि धान्याच्या दुकानांत पिंजऱ्यात सापडलेले उंदीर न मारता पांझरा नदीच्या पलीकडे नेऊन सोडायचे, हे मंडळाचं काम. उंदीर सोडायचं काम भिकमचंदजींचा हमाल तोताराम करी. रोज सकाळी काठीला पिंजरे अडकवून तो आमच्या मागच्या बोळातून नदीकडे जायचा. (ते उंदीर संध्याकाळपर्यंत दुकानात परत येतात, असं ह्यांचं म्हणणं होतं. तोतारामला ते मान्य नव्हतं. तो म्हणायचा, दुसऱ्या दिवशी येतात.)

एका रविवारी मी माळ्याची किल्ली मागायला दुकानात गेले, तर शेठजी म्हणाले, "कोकिळाबाई, तुम्ही झूलॉजीच्या बी.एस्सी. मंडळाला शिकलेलं माणूस पाहिजे. चिटणीस होता का?"

झूलॉजीची बी.एस्सी. मी कशी झाले ते माझं मला माहीत. बेडकाच्या प्रॅक्टिकलला मी कायम खिडकीजवळचं टेबल धरायचे, म्हणजे चक्कर आली तर वारा तरी लागेल. तेव्हा नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं.

काकींनी लगेच माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

दोन-तीन महिने बरे गेले. चिटणिसानं बैठकीत चहा झाल्यावर "सर्वांचे आभार" म्हणायचं असतं, ते मला जमायला लागलं होतं. आणि मग ऐन थंडीत सोनगीरहून एक शेतकरी डोक्यावर पाटी घेऊन दुकानात आला. पाटीवर गोणपाट बांधलेलं. नाव सुपडू.

"हाई घुबड शे," सुपडूनं पाटी गादीवर ठेवत सांगितलं. "आग्रा रोडवर ट्रकनी ठोकं. मरनं नही, पन उडत बी नही. गावमा कोनी घरमा लेत नही, बठ्ठा म्हनतस अपशकुन शे. तुम्हनं मंडळ जीव वाचाडस म्हने. मंग वाचाडा."

गोणपाट बाजूला झालं. आत पांढरंशुभ्र, पोळपाटाएवढ्या तोंडाचं एक घुबड एका पंखावर कलंडून बसलं होतं, आणि आम्हा सगळ्यांकडे असं बघत होतं की जणू बैठकीला उशिरा आलेले आम्हीच.

मंडळापुढे पेच पडला. आजवर जंगली जनावर कोणी आणलंच नव्हतं. पांजरापोळात विचारायला पाठवलं, तर तिथल्या राखणदारानं पाटीत एकदा डोकावून फाटक लावून घेतलं. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पंख मोडला नाही, मुरगळलाय. दोनेक महिने अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, पोटभर खायला घाला, मग आपोआप उडेल.

"अंधारी, शांत जागा," शेठजी विचार करत म्हणाले. "कोकिळाबाई, तुमचं न्हाणीघर—"

पाटीतल्या पाहुण्यानं चोच वाजवली. टक.

"हो," मी म्हणाले.

आमचं न्हाणीघर मागच्या अंगणात, बोळाला लागून. वर पत्रा, एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, दुसऱ्या कोपऱ्यात बंबात घालायच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग, आणि दोन दारं, एक अंगणात आणि एक बोळात. माझ्या संसारात मला अभिमान वाटावा अशी ती एकच जागा होती. धुळ्याच्या थंडीत त्या बंबातलं पाणी अंगावर घेतलं की मला जगाची भीती वाटायची नाही. अख्ख्या दिवसात तेवढी पंधरा मिनिटं मी शूर असायचे.

घुबडानं सगळी जागा पाहिली आणि थेट बंबाच्या माथ्यावर बसलं. म्हणजे बंब पेटवायचा प्रश्न मिटला. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या मोरीत पडदा लावून थंड पाण्यानं अंघोळ करू लागलो.

"अगं, घुबडाला गरम पाणी लागत नाही," हे पडद्याआडून कुडकुडत म्हणायचे. "मला लागतं. एवढा एक मुद्दा मांड की तुझ्या मंडळात."

मी तो दुसऱ्याच दिवशी मांडला. मंडळाची स्वतःची जागा असावी, असं म्हणाले. (न्हाणीघर परत मिळावं असं म्हणायचं होतं, पण चिटणिसानं मोठं बोलायचं असतं.) शेठजींना ते फार आवडलं. म्हणाले, जळगावच्या गौतमचंदजींची सोनगीरच्या रस्त्याला थोडी पडीक जमीन आहे, त्यांच्या कानावर घालतो. तोवर घुबडाच्या खाण्याचं बघू.

आता डॉक्टरांकडे मीच गेले होते. काय खायला घालायचं हे त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. उंदीर. ते सांगायला मी गादीवर बसले, आणि समोर पाहिलं. काकी मुंगी दिसली तरी पाऊल मागे घेणाऱ्या. शेठजी चौमासात हिरव्या भाजीला हात न लावणारे. त्यांच्यापुढे तो शब्द काढायचा कसा?

"दूध-पोळी," शेठजी म्हणाले.

"पोट बिघडेल," काकी म्हणाल्या.

"मूग," भिकमचंदजी म्हणाले. "मोड आलेले. माझ्या दुकानातून रोज वाटीभर. मूग कोणालाही पचतात. काय कोकिळाबाई, तुमचं शास्त्र काय म्हणतं? चालतील ना मूग?"

शेठजींच्या गादीवर टेलिफोन होता. तो दिवसातून एकदा वाजायचा. तो वाजला.

तर अशा रीतीनं घुबडाला मूग सुरू झाले. म्हणजे वाटी सुरू झाली. घुबड वाटीकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं आणि स्टोव्हमधली हवा सोडल्यासारखा लांबलचक आवाज काढायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं तोही आवाज सोडला. डोळे मिटून, मान आत ओढून ते बंबावर नुसतं बसून राहिलं. पिसं विसकटलेली. मी दारातून "अरे" म्हटलं तरी डोळा उघडेना. मला त्याची भीती वाटायची खरी, पण त्या दिवशी ते मला घाबरवेना आणि मला रडू आलं.

तेवढ्यात बोळातून तोतारामचे पिंजरे खुळखुळले.

मी बोळाचं दार उघडलं. "तोताराम, एक इथेच सोड."

"कोठे?"

"न्हाणीत."

तोतारामनं माझ्याकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं. "एक का बठ्ठा?"

"एक. अरे, नदीवर काय आणि इथे काय. सोडायचा तो सोडायचाच." (मंडळाचा नियम असा होता की उंदीर जिवंत सोडायचा आणि जिथे मांजर नसेल तिथे सोडायचा. आमच्या न्हाणीघरात मांजर नव्हतं. मी दोनदा बघून घेतलं.)

दार लावून मी स्वयंपाकघरात जाऊन कानावर उशी दाबून बसले. अर्ध्या तासानं भीत भीत फटीतून डोकावले, तर घुबडानं मान सरळ केली होती आणि ते माझ्याकडे बघून स्टोव्हसारखं फुसकारलं. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी एक उंदीर. मूग वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांची उसळ करायचे आणि ती ह्यांच्या डब्यात जायची. मी कोणाशी खोटं बोलत नव्हते. मला कोणी विचारत नव्हतं.

घुबड मात्र खाल्लेल्यातलं न पचणारं काहीबाही गोळे करून ओकून टाकी. काळे, चकचकीत, अंगठ्याएवढे गोळे. ते कॉलेजात आमच्या पुस्तकात होते, चित्रासकट. ते पान मी पिन लावून बंद केलं होतं. आता मी डोळे मिटून केरसुणीनं ते गोळे बंबामागे सारायचे. कधी कधी वाटायचं, एका उंदराच्या मानानं हे जरा जास्तच होतायत. पण डोळे मिटून मोजता येत नाही.

मंडळाचं घुबडावर फार लक्ष होतं. पहाटे काकी हातात माळ आणि पदराखाली झाकलेलं काहीतरी घेऊन बोळाच्या दारानं यायच्या आणि न्हाणीघरात बसून नवकार म्हणायच्या. दुपारी भिकमचंदजी स्वतः मूग घेऊन यायचे; मूग वाटीभर असायचे, पण पिशवी मोठी असायची. संध्याकाळी शेठजी दुकानातून परस्पर पंख बघायला जायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. तिघंही बाहेर येताना दार अगदी हळू लावायचे. मला त्यांची जीवदया बघून भरून यायचं. काकी तर काळजीनं वाळतच चालल्या होत्या.

आणि घुबड फुगत चाललं होतं. महिन्याभरात ते बंबाच्या माथ्यावर मावेना.

"बघा," एका बैठकीत भिकमचंदजी वाटी उलटी करून दाखवत म्हणाले, "रोज रिकामी. मुगावर जगणारं घुबड आजवर कोणी पाहिलंय? आपल्या मंडळानं ते केलं."

मी काकींकडे पाहिलं. काकींनी शेठजींकडे पाहिलं. शेठजी टेलिफोनकडे बघत होते. कोणीच काही बोललं नाही, म्हणून मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेत पसरलं. पुढच्या आठवड्यात एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या, 'धुळ्यात शाकाहारी घुबड'. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात जळगावहून गौतमचंदजींचा निरोप आला की ज्या मंडळानं घुबडाला शाकाहारी केलं त्या मंडळाला सोनगीरच्या रस्त्याची जमीन द्यायला मला आनंद वाटेल. फक्त मी येऊन ते घुबड मूग खाताना एकदा डोळ्यांनी बघणार.

ह्यांनी निरोप ऐकला आणि डब्यातली उसळ पुढे सरकवली. "मी खाताना बघितलं तर चालेल का विचार."

मला तीन रात्री झोप नाही. घुबडानं मूग खाल्ले नाहीत तर जमीन गेली. जमीन गेली की सोनगीर, साक्री, पिंपळनेरपर्यंतचं जे जे म्हणून जखमी होईल ते डोक्यावरच्या पाटीतून थेट माझ्या बंबावर येणार. खोटं उघड झालं तर मंडळाचीही अब्रू जाणार आणि घुबडाला पुन्हा मूग सुरू होणार. आणि हे सगळं कोणामुळे, तर एका टेलिफोनच्या घंटीमुळे.

गौतमचंदजी रविवारी मोटारीतून आले. पांढरं स्वच्छ धोतर, लांब कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी, बोलणं कमी. अंगणात खुर्च्या मांडल्या. न्हाणीघराचं दार उघडलं, चंदनाच्या पाटावर मुगाची वाटी ठेवली आणि आम्ही चौघं दोन्ही बाजूंना उभे राहिलो.

घुबडानं एक डोळा उघडला. वाटी पाहिली. गौतमचंदजींना पाहिलं. मग मान खाली, मान वर, चोच उघडली, पुन्हा मान खाली. "खातंय, खातंय," भिकमचंदजी कुजबुजले.

ते खात नव्हतं. त्यानं एक जोरात उचकी दिली, आणि एक काळा गोळा टप्पकन गौतमचंदजींच्या पायाशी पडला.

"हे काय?" गौतमचंदजींनी विचारलं.

"मूग," भिकमचंदजी म्हणाले.

"काळे?"

"उडीद असतील. आता उडीदही खातं."

गौतमचंदजींनी काठीच्या टोकानं गोळा अलगद उकलला. आत मऊ करडी लव होती, काड्यांसारखी हाडं होती, आणि मधोमध एक इवलीशी कवटी, पुढे दोन पिवळे दात.

"ह्या उडदाला दात आहेत," ते म्हणाले.

गौतमचंदजींनी मान वळवली. "चिटणीस तुम्ही ना? शिकलेल्या आहात. हा उंदीर आहे का?"

माझ्या मागे घुबड बंबावरून घसरलं आणि घंगाळात पडलं.

"हो," मी म्हणाले. त्यानंतर मात्र माझं तोंड थांबेना. "हो, मीच देते. डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मरत होतं हो. मूग आमचे हे खातात. पण रोज एकच. शपथ, रोज एकच."

गौतमचंदजी न्हाणीघरात वाकले आणि त्यांनी काठी बंबामागे घातली. काठीबरोबर गोळ्यांचा ढीग बाहेर ओघळला. दारापर्यंत आला.

"रोज एकाचं हे काम नाही," ते म्हणाले.

शेठजी खाकरले. "संध्याकाळचा... म्हणजे दुकानात एखादा पिंजऱ्यात राहून गेलेला असायचा. नदीपर्यंत कोण जाणार, म्हणून..."

"माझ्या पिशवीतून निसटायचे," भिकमचंदजी म्हणाले. "दुपारी."

"रोज?" शेठजींनी विचारलं.

"पिशवी जुनी आहे."

मग सगळ्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी पदर सारखा केला. "मी कोणाला दिला नाही आणि कोणाला मारला नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पिंजरा ठेवायचे, दार उघडायचे आणि डोळे मिटून नवकार म्हणायचे. ज्याला जायचं तो जाईल. उपाशी जीव बघवत नव्हता मला. पण ज्या दिवशी ते माझ्या पिंजऱ्यातलं जेवायचं त्या दिवशी मी जेवत नव्हते. एवढं तरी माझ्याकडून असायला पाहिजे."

काकी का वाळत होत्या ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी काकींचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

गौतमचंदजींनी काठीचं टोक जमिनीवर पुसलं. "जमीन मी शाकाहारी घुबडासाठी देणार होतो," ते म्हणाले.

शेठजी पायानं गोळे परत बंबामागे सारायला लागले.

"हे उडतं तरी का?"

शेठजींनी घुबड उचलून बंबावर ठेवलं आणि हात वर करून "हुश्श" केलं. घुबडानं दोन्ही पंख उघडले, अगदी सरळ, सुंदर उघडले. पंख बरा झाला होता. मग त्यानं उडी मारली आणि लोड पडावा तसं ते धप्पकन पऱ्हाट्यांवर पडलं. चार माणसांच्या चार वेळच्या प्रेमानं त्याचं वजन एवढं झालं होतं की पंखांचा इलाज चालेना.

"जाड झालंय," गौतमचंदजी म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं मी छातीठोक सांगणार नाही.

"त्यात काय," काकी म्हणाल्या. इतका वेळ खाली असलेली त्यांची मान आता वर झाली होती. आपल्या हातचं काम आलं की माणसाचा आवाज बदलतो, तसा तो बदलला. "एकासणं करवू. दिवसातून एकदाच जेवायचं, मध्ये काही नाही. आणि अष्टमी-चौदसला पूर्ण उपास. माझ्या दोन सुना अशाच बारीक केल्यात मी."

"घुबडाला एकासणं?"

"ते आपण होऊन करणार नाही. मंडळ करवेल."

गौतमचंदजी उठले. मोटारीत बसता बसता म्हणाले, "चौघं खोटं बोललात, तेही एकमेकांशी. पण चौघांनी एक जीव उपाशी मरू दिला नाही. तो सोनगीरच्या किल्ल्यावरून उडालेला मला दाखवा. उडाला तर जमीन तुमची. नाही उडाला, तर समजा मी मूग बघायला आलो होतो आणि बघून गेलो."

त्यानंतर मंडळाच्या कामाला जी शिस्त आली ती त्याआधी कधी नव्हती. सकाळी एक उंदीर, बस. आणि दिवसभर न्हाणीघरापुढे आळीपाळीनं पहारा. घुबडावर नव्हे, एकमेकांवर. शेठजी भिकमचंदजींची पिशवी तपासायचे, भिकमचंदजी शेठजींचे हात पाठीमागून पुढे आणायला लावायचे, आणि काकी खुर्ची टाकून दोघांना बघत बसायच्या. आता त्याही रोज जेवत होत्या, एकदाच. म्हणाल्या, त्याला सोबत. घुबड आत भुकेनं फुसकारायचं. ते ऐकून मी उठले की काकी नुसतं "कोकिळा" म्हणायच्या. मी परत बसायचे.

हळूहळू ते बंबावर मावायला लागलं. मग एका संध्याकाळी ते बंबावरून उडून दांडीवर बसलं, आणि पऱ्हाट्यांत काहीतरी खसफसलं. (हा त्याच्या पंखांचा वारा, असं मला वाटलं. हे लक्षात ठेवा.)

सोनगीरला आम्ही दिवस मावळायच्या आधी पोचलो. गौतमचंदजी मोटारीनं आले होते. खाली सुपडू वाट बघत होता. त्यानं पाटीत डोकावून पाहिलं.

"काय खावाडं हो ताई तुम्हीन? मी घुबड देयेल व्हतं, हाई ते कोंबडं व्हई गयं."

"आधी याहून मोठं होतं," मी म्हणाले.

किल्ल्याच्या तटावर शेठजींनी पाटी उघडली. घुबड बाहेर यायला तयार नाही. भिकमचंदजींनी "हुश्श" केलं, शेठजींनी उपरणं हलवलं, काकींनी हात जोडले. ते पाटीतच बसून राहिलं. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बी.एस्सी. होते.

मी हाताला टॉवेल गुंडाळला, डोळे मिटले आणि हात पाटीत घातला. नख्या मनगटावर आल्या, वजन आलं. मी तटाच्या कडेला जाऊन हात पुढे धरून उभी राहिले. घुबड माझ्या हातावर आरामात बसलं. त्याला बंब सुटला होता, आता मी सापडले होते. खाली आग्रा रोडवर दिवे लागायला लागले. मागे गौतमचंदजी कोणाला तरी म्हणाले, "राहू द्या. त्याला जायचं नाही."

माझ्या डोळ्यांपुढे पाट्या दिसायला लागल्या. डोक्यावरून येणाऱ्या, गोणपाट बांधलेल्या पाट्यांची रांग, बोळातून थेट न्हाणीघरापर्यंत.

त्याच वेळी खालच्या वळणावर कुठल्याशा ट्रकनं लांबलचक भोंगा वाजवला.

मी अशी दचकले की दोन्ही हात आभाळात गेले. "हो," माझा आवाज सगळ्या किल्ल्यावर घुमला. हातावरचं वजन नाहीसं झालं. डोळे उघडले तर घुबड तटाबाहेर हवेत होतं, पंख पसरून, जराही आवाज न करता. ते एकदा खाली गेलं, पुन्हा वर आलं, आमच्या डोक्यांवरून एक फेरी मारून बुरुजाच्या पलीकडे गेलं आणि दिसेनासं झालं.

काकींनी डोळे पुसले. सुपडू म्हणाला, "उडनं ना." भिकमचंदजी तेवढ्यातच ही बातमी बाजारात कशी सांगायची याचा विचार करत होते, ते तोंडावर दिसत होतं.

"जमीन तुमची," गौतमचंदजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चिटणीसबाई, जनावर सोडायची तुमची पद्धत वेगळी आहे. कुठे शिकलात?"

"जळगावला," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

घरी आल्यावर मी आधी न्हाणीघर सोड्यानं घासून काढायला घेतलं. माझ्या मनात एकच होतं. बंब पेटवायचा, कडकडीत पाणी घ्यायचं आणि ती माझी पंधरा मिनिटं परत मिळवायची. हे तर टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर रांगेत उभे होते. मी बंबात घालायला म्हणून कोपऱ्यातल्या पऱ्हाट्यांचा भारा उचलला.

भाऱ्याखालून एक उंदीर निघाला. मग दुसरा. मग सगळा कोपराच हलायला लागला. घुबडाला चार वेळा जेवण मिळत होतं तेव्हा त्यानं जे पानात टाकलं होतं ते सगळं पऱ्हाट्यांत जाऊन राहिलं होतं. निवांत, उबदार, मांजर नसलेल्या जागी. त्यांची तिथे घरंदारं झाली होती. मुलंबाळं झाली होती. गुलाबी, डोळे न उघडलेली. मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. हे म्हणतात, दार न उघडता आलीस.

पुढच्या रविवारच्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा न दचकता, आपण होऊन उभी राहिले. म्हणाले, "एक घुबड मागवता येईल का?"

शेठजी गोंधळले. भिकमचंदजींनी पिशवी मांडीखाली सरकवली. काकींनी सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ माळ ओढली आणि विचारलं, "पिल्लं किती दिवसांची आहेत?"

"डोळे उघडले नाहीत अजून."

"मग डोळे उघडून चालायला लागेपर्यंत कोणी त्यांना हलवायचं नाही," उपाध्यक्षांनी निकाल दिला. "लेकुरवाळी आहे बिचारी. तिला खायला लागेल. भिकमचंदजी, रोज वाटीभर मूग पाठवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेलिफोन वाजला.

यंदाची थंडी तशी फार नाही, असं हे पडद्याआडून म्हणतात.